फूलभुंगेरे ओळखताना रंग शेवटी पाहावा

फुलोऱ्याकडून घुमल्यासारखा जाड आवाज येतो आणि मधमाशी असेल असे समजून पाहावे, तर परागकणांनी माखलेला एक चकचकीत, रुंद अंगाचा भुंगेरा डोके फुलात खुपसून बसलेला दिसतो. बहुतेकांची फूलभुंगेऱ्याशी पहिली ओळख अशीच होते आणि त्यानंतरची पहिली चूकही बहुधा ठरलेली असते. डोळ्यांत भरतो तो रंग. घरी आल्यावर त्या रंगाच्या भुंगेऱ्यांचे फोटो शोधले जातात आणि पहिल्या मिळत्याजुळत्या फोटोखालचे नाव वहीत उतरते. या भुंगेऱ्यांच्या बाबतीत रंग ही सर्वांत आधी दिसणारी आणि सर्वांत कमी भरवशाची खूण आहे. एकाच जातीचे हिरवे, तांबूस, निळसर आणि जवळजवळ काळे नमुने सापडतात, तर नात्याने दूर असलेल्या दोन गटांतले भुंगेरे अगदी सारखे हिरवे दिसू शकतात. म्हणून येथे आधी वागणूक, मग शरीराची घडण आणि रंग शेवटी, असा क्रम ठेवला आहे. तो कंटाळवाणा वाटला, तरी सुरुवातीचे काही आठवडे मोडू नये.

फूलभुंगेरा कोणाला म्हणावे

फुलावर बसलेला प्रत्येक भुंगेरा फूलभुंगेरा नसतो, आणि प्रत्येक फूलभुंगेरा फुलावरच सापडतो असेही नाही. येथे हा शब्द स्कॅरॅबिडी कुलातील सेटोनिनी या उपकुलासाठी वापरला आहे. शेणकिडे, हुमणीचे भुंगेरे आणि नारळाच्या शेंड्यात शिरणारा गेंड्या भुंगा हे सारे त्याच कुलातले, म्हणजे फूलभुंगेऱ्यांचे भाऊबंद आहेत. जगभरात फूलभुंगेऱ्यांच्या सुमारे ४,००० जाती माहीत आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ उष्ण प्रदेशांत आढळतात. यांचे प्रौढ परागकण, मकरंद, झाडाच्या जखमेतून झिरपणारा रस आणि अतिपिकलेली फळे यांवर जगतात. त्यामुळे जंगलात शोध घेताना फुलोऱ्यांइतकेच लक्ष रस गळणाऱ्या खोडांकडे आणि झाडाखाली पडलेल्या फळांकडे द्यावे.

शब्दांचा एक घोळ आधीच मिटवलेला बरा. मराठीत ‘प्रजाती’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. या लेखात ‘जाती’ म्हणजे शेवटचे, नेमके नाव आणि ‘प्रजाती’ म्हणजे त्याच्या वरचा, अनेक जातींना पोटात घेणारा गट. ‘सेटोनिया ऑराटा’ या नावात सेटोनिया ही प्रजाती आहे आणि दोन्ही शब्द मिळून जातीचे नाव होते.

साहित्य फारसे लागत नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटरच्या खुणा असलेली लहान पट्टी, झाकणाची पारदर्शक डबी, वही आणि जवळून फोटो काढता येईल असा फोन किंवा कॅमेरा एवढे पुरते. संरक्षित वनक्षेत्रात कीटक पकडण्यासाठी परवानगी लागते, आणि काही जातींना कायद्याने संरक्षण असते. युरोपात जुन्या झाडांच्या ढोल्यांत राहणारा ऑस्मोडर्मा एरेमिटा हे त्याचे ठळक उदाहरण आहे. शंका असेल तेथे केवळ पाहावे आणि फोटो घ्यावा.

पहिली पायरी: हात न लावता पाहणे

भुंगेऱ्यांचे पुढचे दोन पंख कडक होऊन पाठीवर झाकणासारखे बसलेले असतात. त्यांना येथे पंखकवच म्हटले आहे. उडण्याचे पातळ पंख त्यांच्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. बहुतेक भुंगेरे उडण्यापूर्वी ही कवचे उघडून दोन्ही बाजूंना धरतात आणि मग खालचे पंख पसरतात. ढालकिडा उडताना पाहिला असेल, तर हे दृश्य ओळखीचे असेल. बहुतेक फूलभुंगेरे मात्र कवचे मिटलेलीच ठेवतात. प्रत्येक कवचाच्या बाहेरच्या कडेला, खांद्याच्या थोडे मागे, एक खाच असते आणि पातळ पंख त्या खाचेतून बाजूला बाहेर येतात. यामुळे उडणारा फूलभुंगेरा पाठ झाकलेला आणि दोन्ही कुशींतून पंख फुटलेला असा दिसतो. त्याचे उड्डाण वेगवान असते आणि आवाज मोठा असतो, म्हणूनच तो पुष्कळदा मधमाशी किंवा भुंगा समजला जातो.

ही एक खूण इतकी बोलकी आहे, की भुंगेरा फुलावर दिसताच त्याच्यावर झडप घालण्याऐवजी तो उडेपर्यंत दोन-चार मिनिटे थांबणे जास्त फायद्याचे ठरते. फोनवर संथ गतीचे चित्रण करता येत असेल, तर उड्डाणाचा क्षण टिपून नंतर एकेक चित्र निरखता येते. ऊन असलेल्या उबदार वेळी हे भुंगेरे चपळ असतात. ढगाळ हवेत किंवा सकाळच्या गारव्यात ते फुलातच सुस्त बसून राहतात, तेव्हा उड्डाण दिसत नाही, पण फोटो चांगले मिळतात.

या खुणेला दोन्ही बाजूंनी अपवाद आहेत. ट्रिकियस, ग्नोरिमस आणि व्हॅल्गस या प्रजाती फूलभुंगेऱ्यांमध्ये मोडत असल्या, तरी त्यांच्या कवचांना ती खाच नसते आणि त्या इतर भुंगेऱ्यांप्रमाणे कवचे उघडून उडतात. उलट, शेणाचे गोळे लोटणाऱ्या जिम्नोप्ल्युरससारख्या काही शेणकिड्यांच्या कवचांना खांद्यामागे ठसठशीत खाच असते. ते शेणाजवळ सापडत असल्याने गोंधळ क्वचितच होतो. तरीही खाच दिसली म्हणून लगेच निकाल देऊ नये आणि दिसली नाही म्हणून नमुना बादही करू नये.

पाहता पाहता वहीत झाड कोणते, फूल उघडे की नळीसारखे, भुंगेरा काय खात होता, एकटा होता की अनेक होते आणि वेळ कोणती, हे लिहून घ्यावे. उघड्या, पसरट फुलांवर आणि छत्रीसारख्या फुलोऱ्यांवर हे भुंगेरे जास्त येतात. गवतांचे तुरेही पाहावेत. भारतात आढळणारा चिलोलोबा हा केसाळ, हिरवा फूलभुंगेरा गवताच्या तुऱ्यांवर परागकण खाताना दिसतो, आणि फक्त रंगीत फुले धुंडाळणाऱ्याच्या नजरेतून तो सुटतो.

दुसरी पायरी: शृंगिका

आता भुंगेरा डबीत घ्यावा. तो हातात धरायचा असेल, तर वक्षाच्या दोन्ही बाजूंनी अलगद धरावा. फूलभुंगेरे चावत नाहीत, कारण त्यांचे जबडे मऊ आणि पडद्यासारखे असतात आणि खाण्याचे काम परागकण झाडून घेणाऱ्या केसाळ मुखांगांकडे असते. पायांवरचे काटे मात्र टोचतात आणि घाबरलेला भुंगेरा बोटांवर विष्ठेचा द्रव सोडतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

घाबरावे असे दुसरेच भुंगेरे फुलांवर असतात, म्हणून हात लावण्यापूर्वी एवढे तपासावे. अंग लांबट आणि मऊ, मान बारीक, डोके गळ्यातून वेगळे लोंबल्यासारखे आणि कवचे चामड्यासारखी लवचीक असतील, तर तो ब्लिस्टर बीटल असण्याची शक्यता मोठी असते. त्याच्या अंगातील कँथरिडिन या द्रव्याने त्वचेवर फोड येतात. फूलभुंगेरा टणक, आखूड, रुंद आणि पाठीवर काहीसा चपटा असतो.

भिंगातून शृंगिकांची, म्हणजे डोक्यावरच्या दोन स्पर्शकांची, टोके पाहावीत. फूलभुंगेऱ्याची शृंगिका दहा खंडांची असते आणि तिच्या टोकाला तीन चपटी पाती असतात. ती मिटली की गाठ दिसते आणि उघडली की लहान पंखा दिसतो. भुंगेरा बिचकलेला असेल, तर तो शृंगिका डोक्याखाली दडवून ठेवतो. डबी सावलीत ठेवून थोडा वेळ थांबले, तर तो त्या पुन्हा बाहेर काढतो. फुलांवरच येणाऱ्या, धातूसारख्या चमकणाऱ्या रत्नभुंगेऱ्यांच्या शृंगिका करवतीसारख्या दातेरी असतात. पाने खाणाऱ्या चमकदार भुंगेऱ्यांच्या साध्या मण्यांच्या माळेसारख्या असतात आणि लांबशिंगी भुंगेऱ्यांच्या शृंगिकांची लांबीच त्यांची ओळख सांगते. तीन पाती दिसली नाहीत, तर शोध येथेच थांबवून दुसऱ्या गटाकडे वळावे.

तिसरी पायरी: भाऊबंदांपासून वेगळे करणे

खरी अडचण येथे येते. तीन पात्यांची शृंगिका हुमणीच्या भुंगेऱ्यांनाही असते आणि चकचकीत पाठ असलेल्या रुटेलिनी या उपकुलालाही असते. शिवाय या दोन्ही गटांतले काही भुंगेरे फुलांवर येतात. त्यांना वेगळे काढण्यासाठी तीन जागा पाहाव्यात, आणि तिन्ही जागांनी एकच उत्तर दिले तर पुढे जावे.

पहिली जागा डोक्यावर आहे. डोळ्यांच्या पुढे तोंडावर छतासारखा आलेला जो चपटा भाग असतो, त्याला आपण मुखपट्टी म्हणू. फूलभुंगेऱ्याची मुखपट्टी डोळ्यांपुढे दोन्ही बाजूंनी आत कोरल्यासारखी असते. त्यामुळे शृंगिका जेथून निघते ती जागा थेट वरून पाहिली तरी दिसते. रुटेलिनी आणि हुमणीच्या भुंगेऱ्यांत ती मुखपट्टीच्या कडेखाली झाकलेली असते.

दुसरी जागा खांद्यावर आहे. डोक्यामागे वक्षावर एकसंध ढाल असते, तिला वक्षढाल म्हणू. वक्षढालीचा मागचा कोपरा आणि पंखकवचाचा खांदा यांच्या बेचक्यात बहुतेक फूलभुंगेऱ्यांमध्ये एक लहान तिकोनी तुकडा वरून दिसतो. तो वास्तविक शरीराच्या कुशीचा भाग आहे, पण या गटात तो वर चढून पाठीवरून दिसू लागला आहे. नवशिक्याला तो सुरुवातीला कवचाचाच भाग वाटतो, परंतु एकदा ओळखता आला की तो धूसर फोटोतही सापडतो. माझ्या मते फोटोवरून ओळख करणाऱ्यासाठी यापेक्षा उपयोगी खूण दुसरी नाही, कारण शृंगिकेची पाती किंवा नख्या फोटोत बहुधा येतच नाहीत.

तिसरी जागा पायाच्या टोकाला आहे. फूलभुंगेऱ्याच्या प्रत्येक पायाच्या दोन्ही नख्या सारख्या लांबीच्या आणि साध्या असतात. रुटेलिनीमध्ये नख्यांची जोडी असमान असते, म्हणजे एक नखी दुसरीपेक्षा स्पष्टपणे मोठी असते. हुमणीच्या भुंगेऱ्यांच्या नख्या बहुधा समान असतात, पण त्यांवर दात असतो किंवा त्या टोकाशी दुभंगलेल्या असतात. फुलांवर हमखास दिसणारी हॉप्लिया ही हुमणीच्या नात्यातली लहान प्रजाती अनेकांना चकवते. तिच्या मागच्या पायाला एकच नखी असते, हे लक्षात ठेवले की प्रश्न सुटतो.

चुकीचे एक नेहमीचे उदाहरण म्हणजे जपानी भुंगेरा, पॉपिलिया जॅपोनिका. हिरवी वक्षढाल, तांबूस कवचे आणि गुलाबावरचा मुक्काम यांमुळे तो फूलभुंगेरा म्हणून नोंदवला जातो, पण तो रुटेलिनी आहे. त्याच्या उदराच्या प्रत्येक कडेला पांढऱ्या केसांचे पाच झुबके असतात आणि मागच्या टोकाला आणखी दोन असतात. तो अमेरिकेत पिकांचा मोठा शत्रू ठरला असल्याने ही गल्लत केवळ नावापुरती राहत नाही. त्याच्याशी साम्य दिसले म्हणून निरुपद्रवी भुंगेरे मारले जातात.

चौथी पायरी: माप आणि आकार

मुखपट्टीच्या पुढच्या कडेपासून उदराच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये मोजावी. शृंगिका आणि पाय मापात धरू नयेत. अंदाजाने ‘लहान’, ‘मध्यम’ असे लिहिण्यात अर्थ नाही, कारण या उपकुलात व्हॅल्गस हेमिप्टेरस ६ ते १० मिमीचा असतो, ऑक्सिथायरिया फ्युनेस्टा ८ ते १२ मिमीचा, सेटोनिया ऑराटा १४ ते २० मिमीचा, आणि आफ्रिकेतील गोलायथस प्रजातीचे मोठे नर सुमारे १०० मिमीपर्यंत पोहोचतात. डबीत हलणाऱ्या भुंगेऱ्याचे माप घेता येत नसेल, तर पट्टी डबीला टेकवून दोघांचा एकत्र फोटो घ्यावा.

माप घेताना अंगावरच्या केसांचीही नोंद करावी. ट्रिकियस फॅसिएटस पिवळसर केसांमुळे आणि काळ्या-पिवळ्या पट्ट्यांमुळे भुंग्यासारखा दिसतो, तर ट्रोपिनोटा हिर्टा जवळजवळ सर्वांगाने केसाळ असतो. केस मात्र वयाबरोबर झिजतात. हंगामाच्या शेवटी सापडलेला तुळतुळीत भुंगेरा हंगामाच्या सुरुवातीला केसाळ असू शकतो.

पाचवी पायरी: पाठीवरचा त्रिकोण

दोन्ही पंखकवचे जेथे वक्षढालीला भिडतात, तेथे मधोमध एक त्रिकोण असतो. तो पूर्ण दिसतो की झाकलेला आहे, एवढ्या एका निरीक्षणाने यादी एकदम आखूड होते. अनेक फूलभुंगेऱ्यांमध्ये तो मोठा आणि उघडा असतो. जिम्नेटिनी या गटात मात्र वक्षढालीची मागची कड मधोमध जिभेसारखी लांबून त्या त्रिकोणावर येते आणि त्याला बराचसा किंवा पूर्ण झाकते. उत्तर अमेरिकेतील कोटिनिस आणि आशियातील क्लिंटेरिया या प्रजाती याच गटातल्या आहेत. उत्तर अमेरिकेत हिरवा, २० मिमीच्या आसपासचा भुंगेरा सापडला आणि त्रिकोण झाकलेला असेल, तर कोटिनिसकडे जावे. तपकिरी, भुंग्यासारखा जमिनीलगत घोंघावत फिरणारा आणि त्रिकोण उघडा असलेला भुंगेरा युफोरिया असण्याची शक्यता अधिक असते.

कवचे आखूड असून उदराचे शेवटचे खंड मागे उघडे राहिले असतील, तर व्हॅल्गसकडे लक्ष द्यावे. त्याच्या मादीला मागे लांब, करवतीसारखा दातेरी काटा असतो. तो डंख नव्हे. लाकडात अंडी घालण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

सहावी पायरी: भुंगेरा उलटा करणे

नवशिक्यांचे शंभरांतले नव्वद फोटो पाठीचे असतात, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. पोटाकडची बाजू न पाहिल्यामुळे जितकी नावे अडतात, तितकी दुसऱ्या कशामुळेही अडत नसतील. डबी उलटी करून तळाच्या बाजूने फोटो घेतला, तर भुंगेऱ्याला त्रासही होत नाही.

मधल्या पायांच्या दोन मुळांमधून एक उंचवटा पुढे आलेला असतो. त्याचा आकार टिपावा. सेटोनिया ऑराटामध्ये तो गोल गाठीसारखा असतो, तर तिच्यासारख्याच दिसणाऱ्या प्रोटेशिया या प्रजातीत तो आडवा पसरलेला आणि चपटा असतो. वरून पाहताना ही दोन्ही हिरवी-तांबूस, पांढऱ्या आडव्या रेघोट्यांची आणि जवळजवळ सारख्या मापाची दिसू शकतात. युरोप आणि आशियाच्या ज्या भागांत दोन्ही आढळतात, तेथे केवळ पाठीच्या फोटोवरून घातलेले सेटोनियाचे नाव सावधपणेच घ्यावे. प्रोटेशियाच्या स्वतःच्याच शेकडो जाती आहेत, त्यामुळे तेथवर पोहोचणे म्हणजे अर्धाच रस्ता चालून होणे आहे.

पोटावरून नर आणि मादी यांचाही अंदाज येतो. अनेक प्रजातींत नराच्या उदराखाली मधोमध उभी पन्हळ असते आणि मादीचे उदर फुगीर असते. नराच्या शृंगिकेची पाती लांब असतात. मादीला अंडी घालण्यासाठी माती किंवा भुसा उकरावा लागतो, म्हणून तिच्या पुढच्या पायांच्या नळ्या रुंद आणि दातेरी असतात. आफ्रिकेतील युडिसेला आणि गोलायथस यांच्या नरांच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षरासारखे दुभंगलेले शिंग असते आणि मादीला ते नसते. शिंगे नसणाऱ्या प्रजातींतही रंग आणि ठिपक्यांमध्ये फरक असू शकतो. मी स्वतः एका संपूर्ण हंगामात एकाच फुलोऱ्यावरच्या भुंगेऱ्यांची दोन जाती म्हणून वेगवेगळ्या पानांवर काळजीपूर्वक नोंद केली होती. शेवटी त्या दोन ‘जाती’ समागम करताना दिसल्या, आणि मला पानांना पाने चिकटवावी लागली.

सातवी पायरी: आता रंग

फूलभुंगेऱ्यांची धातूसारखी झळाळी रंगद्रव्याची नसते. कवचाच्या वरच्या थरांची अतिसूक्ष्म रचना प्रकाशाच्या ठरावीक लहरी परावर्तित करते आणि त्यातून हिरवा, तांबूस किंवा निळा रंग दिसतो. थरांच्या अंतरात थोडा फरक पडला, की रंग सरकतो. म्हणूनच एकाच जातीत इतके रंग आढळतात आणि पाहण्याचा कोन बदलला की त्याच भुंगेऱ्याचा रंगही बदलतो. फोटोतील हिरवा आणि प्रत्यक्षातील हिरवा यांचा मेळ बसत नाही, त्याचेही हे एक कारण आहे.

या झळाळीचा एक गमतीचा प्रयोग करता येतो. सेटोनिया ऑराटाच्या पाठीवरून परावर्तित होणारा हिरवा प्रकाश डावीकडे फिरणाऱ्या वर्तुळाकार ध्रुवणाचा असतो, म्हणजे त्याची लहर पुढे जाताना मळसूत्रासारखी एकाच दिशेने फिरते. वर्तुळाकार ध्रुवणावर चालणारा त्रिमिती चित्रपटाचा चष्मा घेऊन एकेका काचेतून पाहिले, तर एका काचेतून भुंगेरा हिरवाच दिसतो आणि दुसरीतून त्याची झळाळी विझून तो काळपट होतो. प्रकाशाच्या वेगाच्या मोजमापांसाठी प्रसिद्ध असलेले अल्बर्ट मायकेल्सन यांनी १९११ मध्ये अशाच चकाकत्या भुंगेऱ्याच्या परावर्तनाचे वर्णन केले होते. परंतु तो भुंगेरा रुटेलिनी गटातला होता. म्हणजे हा प्रयोग मनोरंजक असला, तरी त्यावरून फूलभुंगेरा सिद्ध होत नाही.

झळाळीपेक्षा ठिपक्यांची मांडणी अधिक कामाची असते. ऑक्सिथायरिया फ्युनेस्टाच्या काळ्या वक्षढालीवर पांढरे सहा ठिपके तीन-तीनच्या दोन उभ्या ओळींत असतात, आणि ही मांडणी ओळखीला मोठा आधार देते. मात्र हे पांढरे ठिपके पृष्ठभागावरच्या थराचे असतात आणि फुलांत, मातीत, समागमात घासून पुसले जातात. म्हणून ठिपका नसणे हा पुरावा मानू नये. ठिपका असणे हा पुरावा मानता येतो. गॅमेटिस व्हर्सिकलर या जातीच्या नावातच रंगबदल आहे. तिच्या कवचांवरचा तांबडा भाग कधी ऐसपैस असतो, तर कधी काळ्या रंगाने जवळजवळ गिळलेला असतो. याउलट काही जाती इतक्या ठळक असतात, की नक्षी पाहताच नाव सांगता येते. ऑस्ट्रेलियातील युपीसिला ऑस्ट्रालेशिई या भुंगेऱ्याच्या गडद पाठीवर पोपटी रेषांची व्हायोलिनसारखी आकृती असते आणि तिच्याबाबत सहसा चूक होत नाही. असे भुंगेरे आधी भेटले, तर रंगावरचा विश्वास उगाच वाढतो.

वासही नोंदवावा, जरी तो क्वचितच उपयोगी पडतो. वर उल्लेखलेल्या ऑस्मोडर्मा एरेमिटाचा नर जर्दाळूसारखा गोड वास सोडतो. जुन्या झाडाच्या ढोलीपाशी हा वास आला, तर भुंगेरा दिसण्यापूर्वीच त्याचा पत्ता लागतो.

अळी सापडली तर

कुजलेल्या लाकडात, पालापाचोळ्यात किंवा खताच्या ढिगात इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पांढरट, जाड अळी सापडली की ती हुमणी समजून चिरडली जाते. ती सपाट जागेवर ठेवून मिनिटभर पाहावी. फूलभुंगेऱ्याची अळी उताणी होते आणि पाय आकाशाकडे ठेवून पाठीवरच्या आडव्या वळ्यांच्या आणि राठ केसांच्या आधाराने सरकत जाते. हुमणी कुशीवर वेटोळे करून पडते किंवा पोटावर धडपडते. डोके लहान, पाय आखूड आणि मागचा भाग जाड असेल, तर फूलभुंगेऱ्याची शक्यता वाढते. हुमणीचे डोके मोठे आणि पाय लांब असतात. फूलभुंगेऱ्यांच्या पुष्कळ अळ्या जिवंत मुळांऐवजी कुजलेला पदार्थ खातात, त्यामुळे खताच्या ढिगातली अशी अळी मारण्याचे कारण नसते.

अळीवरून जातीचे नाव ठरवणे नवशिक्याच्या आवाक्यातले नाही. हवे असल्यास ती जेथे सापडली तोच भुसा किंवा पाचोळा भरून, थोडा ओलावा राखून वाढवावी आणि प्रौढाची वाट पाहावी. सेटोनिया ऑराटासारख्या जातीला त्यासाठी एक ते दोन वर्षे लागतात. अळी कोषात जाताना माती, भुसा आणि स्वतःची विष्ठा यांचे अंडाकृती घर करते. ते उत्सुकतेने फोडले, तर आतला कोष बहुधा जगत नाही.

नाव कोठे थांबवावे

काही प्रजातींत दोन जातींमधला फरक नराच्या जननेंद्रियाच्या आकारातच नीट दिसतो, आणि तो पाहण्यासाठी मेलेला नमुना व सूक्ष्मदर्शक लागतो. अशा वेळी प्रजातीच्या नावापुढे ‘जाती अनिश्चित’ असे लिहावे. फोटोवरून नाव सुचवणारी अ‍ॅप या ठिकाणी विशेष फसवतात. ती पाठीचा रंग आणि नक्षी पाहतात आणि त्या भागातल्या सर्वाधिक फोटो असलेल्या जातीचे नाव पुढे करण्याकडे त्यांचा कल असतो. सुचवलेले नाव नाकारण्याची गरज नाही, पण वरच्या पायऱ्यांतले कोणते निरीक्षण त्याला आधार देते हे स्वतःला विचारावे. आधार न सापडल्यास नाव प्रश्नचिन्हासह लिहावे.

प्रत्येक नमुन्याचे किमान चार फोटो असावेत: थेट वरून, बाजूने, पोटाकडून आणि डोक्याचा जवळून. उदराच्या शेवटच्या, मागे उघड्या राहिलेल्या खंडावरचे ठिपके पाचव्या फोटोत आले तर उत्तमच. फोटो झाल्यावर भुंगेरा ज्या झाडावर मिळाला तेथेच सोडावा आणि बंद डबी उन्हात क्षणभरही ठेवू नये.

हा सारा क्रम एका नमुन्यावर चालवून पाहू. खोडातून झिरपणाऱ्या रसावर तीन भुंगेरे बसलेले होते. त्यांतला एक उडाला आणि त्याची पाठ उडतानाही झाकलेली राहिली. दुसरा डबीत घेतला. शृंगिकेला तीन पाती होती आणि तिचे मूळ वरून दिसत होते. खांद्याच्या बेचक्यात तिकोनी तुकडा होता. नख्या समान आणि साध्या होत्या. येथवर फूलभुंगेरा हे निश्चित झाले. लांबी २१ मिमी भरली. पाठीवरचा त्रिकोण मोठा आणि उघडा होता, म्हणून जिम्नेटिनी बाद झाले. डबी उलटली, तेव्हा मधल्या पायांमधला उंचवटा आडवा, चपटा दिसला आणि उदराखाली उथळ पन्हळ दिसली. रंग तांबूस हिरवा होता. पांढऱ्या रेघोट्या डाव्या कवचावर पाच होत्या आणि उजव्यावर तीनच उरल्या होत्या. त्यामुळे मूळ मांडणी काय असावी हे सांगता येत नव्हते. वहीतली नोंद अशी झाली: ‘प्रोटेशिया, नर, २१ मिमी, ठिपके झिजलेले, खोडाच्या रसावर, दुपारी, जाती अनिश्चित, फोटो चार, पोटाकडचा स्पष्ट.’